इंगळे मावशींची न झालेली साक्ष

हे मी अजून कुणाजवळच बोललेले नाही. आईजवळ नाही, आणि डायरीतही नाही – डायरी मी इंग्रजीत लिहिते, आणि इंग्रजीत ही गोष्ट फार सभ्य दिसते. दोनदा लिहून पाहिली. दोन्ही वेळा मी त्यात बरी मुलगी निघाले. म्हणून आता मराठीत.

तुम्हाला वाटेल, एवढंसंच? मलाही दोन वर्षं तसंच वाटत होतं. म्हणजे वाटून घेत होते.

मी अमरावतीची. अकोल्याला नोकरीसाठी आले, ती कंपनी आठ महिन्यांत बंद पडली, दुसरी नोकरी घरबसल्या करायची मिळाली, आणि जठारपेठेतली वरच्या मजल्यावरची खोली तशीच राहिली. बंगळुरूच्या लोकांनी लिहिलेलं इंग्रजी मी तपासते. कॅमेरा बंद ठेवते. दिवसभरात कुणाशी बोलले नाही तरी चालतं, आणि मला ते आवडतं. आवडायचं.

खाली घरमालकीण, इंगळे मावशी. नात्यातल्या नाहीत. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘आंटी’ म्हटलं, तर म्हणाल्या, आंटी दवाखान्यातल्या नर्सले म्हनतेत, मले मावशी म्हन. पातूरच्या उपकोषागारातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. सरकारी बिलं तपासण्यात सगळी नोकरी गेली. नवरा नाही, मूल नाही, भाऊ अंजनगाव सुर्जीला असतो. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर काच, काचेखाली जुने फोटो. शेजारी घटनेचं पुस्तक – पूजेला ठेवलेलं नव्हे, वापरून खिळखिळं झालेलं, पानापानांत बसच्या तिकिटांच्या खुणा घातलेलं.

त्यांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच आहे. रुजुवात. ऑफिसात मूळ कागदाची नक्कल झाली की एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर ओळीखाली फूटपट्टी धरून जुळवायचं, आणि प्रत्येक ओळीला लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. मावशी हे अजूनही करायच्या. विजेच्या बिलाचं करायच्या, माझ्या भाडेकराराचंही केलं. न जुळवलेल्या कागदावर सही केली नाही कधी, हे त्या दुसरी बाई आपल्या पाटल्यांबद्दल सांगेल तसं सांगत.

एकदा पेपरात एक जाहिरात आली. देशाचं कर्ज सरकार कसं घेतं, कसं सांभाळतं, आणि त्यावर संसदेची नजर कशी असावी, याचा अभ्यास संसदेची एक समिती करणार होती. नागरिकांकडून निवेदनं मागवली होती. हिंदीत किंवा इंग्रजीत.

मावशींनी मराठीत सात पानं लिहिली.

त्यांचं म्हणणं मला आधी कळलं नाही. त्यांनी दोनदा समजावलं. सरकारचे बहुतेक खर्च संसदेपुढे मताला जातात. कर्जाचं व्याज आणि परतफेड मात्र जात नाही. घटनेनंच तसं ठेवलंय, कारण घेतलेलं फेडायचं की नाही हा मतदानाचा विषय नव्हे. पण त्याच कलमात लिहिलंय की त्यावर चर्चा करता येईल. ती चर्चा मात्र होत नाही, बजेटच्या घाईत सगळं एकदम उरकतं. म्हणून वर्षातला एक दिवस फक्त यासाठी ठेवावा. कर्ज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना समोर बसवावं आणि लोकांना ऐकू जाईल असं विचारावं, हे कशासाठी घेतलं, कितीला पडलं, कुणाच्या हयातीत फिटणार?

“मत नाई देता येत, नको देऊ,” त्या म्हणाल्या. “पन विचाराले कोन नाई म्हनते?”

मी भाषांतर केलं. चांगलं केलं, ते मला माहीत आहे. मग रुजुवात. त्या मराठी वाक्य वाचायच्या, मी माझं इंग्रजी वाक्य वाचून त्याचा अर्थ पुन्हा मराठीत सांगायची, जुळलं की लाल खूण. दोन दुपारी गेल्या. त्यांना आकडे, नावं, ऑफिसातलं इंग्रजी येई. लांब वाक्य आलं की माझ्या तोंडाकडे बघत. असं कुणी माझ्या तोंडाकडे याआधी बघितलं नव्हतं.

त्यांना ईमेल नव्हता. पत्ता माझा दिला. आणि तेव्हापासून रोज सकाळी जिन्यातून आवाज: “काई आलं काय वं?”

नाही, मावशी.

“येईन. देशाचं काम आहे, वेळ लागते.”

तीन आठवड्यांनी आलं.

पत्र माझ्या कामाच्या मेलांमध्ये येऊन पडलं होतं. निवेदनातल्या मुद्द्यांवर समिती श्रीमती इंगळे यांची साक्ष घेऊ इच्छिते. दिल्लीत, अमुक दिवशी. प्रवासखर्च मिळेल. भाषेच्या मदतीसाठी एक व्यक्ती बरोबर आणता येईल. ती एक व्यक्ती कोण, हे सांगायला नको.

मी ते किती वेळा वाचलं? दहा-बारा वेळा असेल. मग दोन ओळींचं उत्तर लिहिलं. प्रकृतीच्या कारणामुळे श्रीमती इंगळे येऊ शकत नाहीत, त्यांनी समितीचे आभार मानले आहेत. स्वल्पविराम तपासला. पाठवून दिलं.

त्या वेळी मावशी दोन बादल्या घेऊन जिना चढत होत्या. गच्चीची टाकी रिकामी होती आणि माझ्या कूलरमध्ये पाणी नव्हतं.

बादल्या ठेवून त्यांनी विचारलं, काही आलं काय. मी म्हणाले, नाही.

दुसऱ्या दिवशी समितीच्या कार्यालयाचं उत्तर आलं. मावशींना लवकर बरं वाटो, अशी सदिच्छा होती. मी दोन्ही पत्रं पुसून टाकली. मग पुसलेल्यांमधूनही पुसली.

का? घाबरले म्हणून. अमरावतीच्या शाळेत सातवीत असताना मी वक्तृत्वाच्या स्पर्धेत मंचावर उभी राहिले होते आणि पहिल्या वाक्यापुढे काहीच आठवलं नव्हतं. माईकमधून माझ्या श्वासाचा आवाज सगळ्या हॉलभर ऐकू येत होता. त्यानंतर मी कुठेच उभी राहिले नाही. मग खासदारांसमोर? टेबलाभोवती ते सगळे, पुढ्यात माईक…

हे कारण मी स्वतःला बरेच महिने सांगितलं. खोटं नाही ते. पण पूर्णही नाही, आणि तुम्हाला इथवर आणून अर्धंच सांगितलं तर मग लिहायचं कशाला?

मला मावशींची लाज वाटली.

त्याच शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड होता. पण वऱ्हाडी बोललं की दंड नव्हता – मुली हसायच्या, बस. माझी आई एकदा डबा द्यायला आली आणि वर्गाच्या दारातून म्हणाली, “काहून वं, डबा इसरली काय?” तो शब्द वर्षभर माझ्यामागे फिरला. काहून. काहून वं. मी घरी पुस्तकातली मराठी बोलायला लागले, आईशीसुद्धा. नंतर मला मराठी फारशी येत नाही असं सांगायला लागले, कारण ते जास्त सोपं होतं.

पत्र वाचताना मला तेच दिसलं. मावशी त्या टेबलाशी बसल्यात, जांभळं पातळ, हातात फूटपट्टी – ती त्यांनी नेलीच असती – आणि म्हणतायत, मले एकच इचाराचं आहे. आणि शेजारी मी. त्यांना कुणी हसलं असतं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नसतं. मला फक्त त्यांच्या शेजारची दिसायचं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर? पण वर्षभरानं अहवाल आला. पेपरात चार ओळींची बातमी होती, ती मावशींनीच कापून ठेवली. म्हणाल्या, काढून आन पोरी, पाहू काय म्हनते.

मी आधी एकटीनंच वाचून घेतला. शेवटच्या पानांत निवेदन पाठवणाऱ्यांची यादी होती, त्यात मावशींचं नाव. आणि मधे एका परिच्छेदात तो मुद्दा होता: एका निवेदनात कर्जासाठी वर्षातून एक खुला दिवस राखण्याची सूचना आहे, मात्र निवेदनकर्त्या प्रकृतीच्या कारणामुळे साक्षीला उपस्थित राहू शकल्या नाहीत, त्यामुळे समिती या सूचनेवर मत देऊ शकत नाही.

ते पान न छापता नेता आलं असतं. पण मावशी पानांचे आकडे बघतात. मधलं पान नाही, हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं असतं. म्हणून सगळं छापलं.

त्यांनी यादीतलं आपलं नाव बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग एकेक पान उलटत त्या परिच्छेदापाशी आल्या – तिथला घटनेच्या कलमाचा आकडा ओळखीचा होता – आणि फूटपट्टी त्याच ओळीखाली ठेवली.

“हे काय लिवून राहिले?”

मी म्हणाले, समितीनं ही सूचना लक्षात घेतली आहे.

त्या फूटपट्टीकडे बघत राहिल्या. वाक्य साडेतीन ओळींचं होतं.

“एवढ्या मोठ्याचं एवढंसंच?”

मी म्हणाले, इंग्रजीत फापटपसारा फार असतो, मावशी.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग मान हलवली, आणि त्या वाक्याला लाल खूण केली.

ते वाक्य मराठीत छान अक्षरात लिहून दे, म्हणाल्या. मी एका कार्डावर लिहून दिलं. समितीने ही सूचना लक्षात घेतली आहे. ते काचेखाली आहे, फोटोंच्या मधोमध. अंजनगावहून भाऊ केळी घेऊन येतो, त्याला दरवेळी दाखवतात. तो चिडवतो, तुह्या बोलन्यानं कर्ज फिटलं काय वं बाई? त्या म्हणतात, फिटलं नाई, पन विचारलं तं.

विचारलंच नाही. मी विचारू दिलं नाही.

खाली चहाला गेले की मी कप त्या कार्डावर ठेवते. मावशी तो उचलून बाजूला सरकवतात.

यंदा समितीनं पुन्हा निवेदनं मागवली आहेत. मावशींनी या वेळी तीनच पानं लिहिली, हात कापतो आता. पहिलंच वाक्य असं: मागील अहवालात समितीने माझी सूचना लक्षात घेतली, याबद्दल मी आभारी आहे, तो खुला दिवस केव्हा ठेवणार, एवढेच विचारायचे आहे.

हे वाक्य तिथं कुणीतरी वाचेल. जुनी फाईल काढेल. बोलावूनही न आलेली बाई आता जे घडलंच नाही त्याचे आभार मानते, असं त्यांना दिसेल. न जुळवलेल्या कागदावर कधी सही न केलेल्या बाईची सही त्याखाली असेल.

रुजुवातीला बसलो. त्या वाचत होत्या, मी जुळवत होते. पहिल्या वाक्यापाशी त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं. तेव्हा सांगता आलं असतं. मी इंग्रजी वाक्य वाचलं, त्याचा अर्थ सांगितला. जुळला. खूण झाली.

या वेळी मी एकही शब्द वगळला नाही, एकही बदलला नाही. शब्दाला शब्द केलं आणि परवा पाठवून दिलं.

आज सकाळी जिन्यातून आवाज आला, काई आलं काय वं?

मी नाही म्हणाले. आज तेवढं खरं होतं.