उजवा पाय जरा मागून

अक्का कुठलंही काम करायच्या आधी उजव्या गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "थांब माय, पायले इचारी लेस." मग खरोखरच उत्तराची वाट पाहिल्यासारख्या क्षणभर थांबायच्या. डबा उचलायचा असो, ओटा चढायचा असो की नुसतं स्टुलावरून उठायचं असो. पायाचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येत असावं, हे चेहऱ्यावरून कळायचं. तरी त्या उठायच्या.

धुळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी होती. नवरा, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, बाहेरची कामं बघायचे आणि गिरणी अक्का चालवायच्या. भुवया कायम पांढऱ्या, पदर कमरेला खोचलेला, आणि बोलणं पट्ट्याच्या खडखडाटावर मात करायची सवय लागल्यामुळे चढ्या आवाजातलं. मी रावेरकडची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा त्यांची अहिराणी माझ्या डोक्यावरून जायची आणि माझी भाषा ऐकून त्या खुदकन हसायच्या. दिवसभर शाळेत पोरांवर ओरडून मी दमलेली असायचे, त्या दळून दमलेल्या असायच्या. दोन थकलेल्या बायकांची जशी मैत्री होते तशी आमची झाली, फारसं काही न बोलता.

पहिल्या श्रावणात मात्र मी त्यांना ओळखलंच नाही. खान्देशात श्रावणातल्या एका रविवारी घरोघर कानबाई बसते, हे तुम्हाला माहीत असेल. नारळाला डोळे, नथ लावून देवी पाटावर मांडायची, सगळी भाऊकी जमायची, आणि सोमवारी सकाळी बायकांनी पाट डोक्यावर घेऊन नाचत नाचत तिला पांझरा नदीवर न्यायचं. पाट पहिल्यांदा घेण्याचा मान अक्कांचा, कारण भाऊकीत त्या थोरल्या सून. एरवी दळण ओतण्यापलीकडे अंग न हलवणारी ती बाई पाट डोक्यावर घेऊन अशी नाचत होती की मी रस्त्याच्या कडेला तोंड उघडं टाकून उभी राहिले. कमरेखाली सगळी धावपळ आणि कमरेवर सगळं शांत. देवीची नथसुद्धा हलत नव्हती.

नंतर काही वर्षांनी नरडाण्याहून लग्न आटोपून येताना भाऊंची स्कूटर घसरली. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या अक्का उजव्या गुडघ्यावर पडल्या. ऑपरेशन झालं, पायात सळई बसली. भाऊंना काही लागलं नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं. त्यांनी गाडी विकून टाकली आणि पुढे कुठेही पायीच जायला लागले.

त्या वर्षी कानबाईच्या सोमवारी अक्का फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाट त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी घेतला. या दोघींत विस्तव जात नाही इतकं वाकडं नव्हतं, पण गोडही नव्हतं. एकमेकींच्या घरी गेल्या तरी पाणी पिऊन लगेच उठणाऱ्यांतल्या त्या. मिरवणूक वळणावरून गेली तेव्हा अक्का म्हणाल्या, "बरी नाचनी ती," आणि खुर्ची तिथेच टाकून आत गेल्या.

पायाचे व्यायाम शिकवणारा डॉक्टर तरुण होता, चांगलाही होता. अक्कांनी त्याला विचारलं की मी नाचणार कधी. तो म्हणाला, चालता येईल, जिना चढता येईल, या वयात आणखी काय हवं. त्याचं काही चुकलं नव्हतं. घरी येऊन अक्कांनी मला ते सांगितलं तेव्हा मीही सहज म्हणाले की चालता आलं तरी खूप आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला दळणाचा डबा खाली ठेवला.

"चालासाठे कोन रडी ऱ्हायनं?" त्या म्हणाल्या. "वरीसभर पाय चक्कीना. तो एक दिन मना." कानबाईचा तो एक दिवस तेवढा त्यांचा स्वतःचा होता.

मग गिरणीत व्यायाम सुरू झाला. घोट्याला वाळूची पिशवी बांधून अक्का स्टुलावर बसून पाय वर उचलायच्या, आणि गिऱ्हाइकं डबे घेऊन तो पाय खाली येण्याची वाट पाहायची. कुणी घाई केली तर दुसऱ्या गिरणीचा पत्ता सांगायच्या. पीठ पडत असताना भिंतीला हात लावून एका पायावर उभ्या राहायच्या. कितीदा तरी त्या नादात माझी ज्वारी जाडी दळली गेली आणि आम्ही घरी चरबरीत भाकऱ्या खाल्ल्या. माझे मिस्टर म्हणायचे, अक्कांचा गुडघा कधी बरा होतो ते कळव, म्हणजे दात जपता येतील.

पण गुडघा काही ठरल्याप्रमाणे बरा होईना. आठवडाभर वाकायचा आणि मग एका सकाळी पुन्हा लाकूड व्हायचा. थंडीत सुजायचा. असं पुढे जाऊन मागे येणं वर्ष उलटत आलं तरी चालूच होतं. एका दुपारी मी गेले तेव्हा गिरणी बंद होती आणि अक्का आत पोत्यावर बसल्या होत्या, वाळूची पिशवी मांडीवर घेऊन.

"बरं व्हवाना बी आते कटाळा उना," त्या म्हणाल्या.

मला त्यांना धीर द्यायचा होता, पण त्या दिवशी माझ्यातही तो शिल्लक नव्हता. मी शेजारच्या पोत्यावर बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. मला आजही वाटतं, तेवढंच माझ्याकडून त्यांना खरं काही मिळालं असेल.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गच्चीवर जायला सुरुवात केली. पाटाचा तोल जमतो का ते पाहायचं होतं. म्हणून पाट डोक्यावर, पाटावर नारळ, आणि नारळ घरंगळू नये म्हणून त्यावर जुनी लाल ओढणी. अशा त्या उन्हात गच्चीवर लंगडत, धापा टाकत गोल फिरत होत्या. दुखलं की तोंडातून हुंकार निघायचा. आता हे खालून कसं दिसत असेल ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. कानबाईचा दिवस नाही, वाजंत्री नाही, आणि बाई डोक्यावर देवी घेऊन घुमते आहे. अर्ध्या तासात जिन्यावर बायका हळदीकुंकू घेऊन उभ्या राहिल्या. समोरच्या म्हाताऱ्या आजींनी तर अक्कांचा नेमका तोच पाय धरला आणि नातीचं लग्न कधी जमेल ते विचारलं.

"देवी नही वं माय, मी व्यायाम करी ऱ्हायनू," अक्का कळवळून सांगत होत्या. पण देवी कधी स्वतःहून कबूल होते का? आजी ओटी भरूनच गेल्या. संध्याकाळी मला हे सांगताना अक्का हसून हसून खोकल्या, आणि मीही कित्येक महिन्यांनी तशी हसले. पुढे त्या मुलीचं पिंपळनेरला खरंच जमलं, आणि मग तर बोलायलाच नको.

श्रावण आला. सोमवारी सकाळी जाऊबाईंनी पाट उचलला आणि अक्कांच्या डोक्यावर ठेवला. बँड सुरू झाला. अक्कांनी डावा पाय टाकला. उजवा वाकतच नव्हता, तो जरा मागून, ताल उलटून गेल्यावर ओढत आला. पुन्हा डावा, पुन्हा मागून उजवा. आणि त्या नाचायला लागल्या तशा सगळ्या बायका मागे सरकल्या. कुणी हात जोडले, कुणी डोळे मिटले. गच्चीवरची गोष्ट सगळीकडे गेली होती. अक्कांच्या भोवती मोठं रिकामं वर्तुळ झालं आणि त्यात त्या एकट्या.

मला तेव्हा त्या बायकांचा फार राग आला. धक्के खात, घामाघूम होऊन बायकांत मिसळून नाचता यावं म्हणून ही बाई इतके दिवस झिजली, आणि यांनी तिला देव्हाऱ्यात बसवलं. अक्का थांबल्या. त्यांचा हात पाट उतरवण्यासाठी वर गेला.

तेवढ्यात जाऊबाई वर्तुळात शिरल्या. त्यांचे दोन्ही पाय धड होते. पण त्यांनी डावा पाय टाकला आणि उजवा अगदी तसाच, ताल उलटून गेल्यावर, मागून ओढला. अक्कांच्या खांद्याला खांदा लावला आणि म्हणाल्या, "चाल अक्का. मले बी असंच नाचानं शे." आधी एक बाई आत आली, मग दुसरी, मग सगळ्या. पांझरेपर्यंत सगळी मिरवणूक उजवा पाय ओढत गेली. बँडवाल्यांनीही शेवटी ताल सैल केला. अक्कांना भरपूर धक्के बसले, आणि त्या रडत होत्या की घाम होता ते मला सांगता येणार नाही.

पुढची काही वर्षं हे असंच चाललं. पाय काही सुधारला नाही. मागच्या थंडीत अक्का गेल्या, पायानं नव्हे, हृदयानं, दुपारी झोपेत. गिरणीला कुलूप आहे. दळण मी आता लांबून आणते. पीठ अगदी बारीक मिळतं आणि मला ते आवडत नाही.

यंदाच्या श्रावणात जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी गेले. पाट जाऊबाईंनी घेतला आणि उजवा पाय मागून ओढत त्या नाचू लागल्या. त्यांच्या मागे यंदाच लग्न होऊन भाऊकीत आलेली एक नवी सून होती. अक्कांना तिनं पाहिलेलंही नाही. तिची धाकटी बहीण पाहुणी म्हणून आली होती आणि दोन्ही पाय तालात टाकत मजेत नाचत होती. नव्या सुनेनं तिला दंडाला धरून थांबवलं.

"असं नही," ती म्हणाली, "उजवा पाय जरा मागून वढ. आमनाकडे असंच नाचतस."

जाऊबाईंनी ते ऐकलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग डोक्यावरचा पाट दोन्ही हातांनी उतरवला आणि त्या नव्या सुनेच्या डोक्यावर ठेवला.