चॅसीवरची चार बोटं फट

माझ्याकडे अजून लोक येतात. कुणी आजोबांची जीप काढून आणतो, कुणाला जुन्या ट्रकला नवं रूप द्यायचं असतं. रंग कोणता, दिवे कसले, सीट कशी, हेच आधी विचारतात. मी सांगतो, रंगाचं शेवटी. आधी चॅसी तारेच्या ब्रशनं खरवडा आणि हातोडीनं ठोकत जा. खणखणीत वाजलं तर लोखंड, बद्द वाजलं तर गंज. हे मला माझ्या वेल्डरनं शिकवलं. त्याचंच नाव मी खराब केलं, म्हणून हे लिहितो आहे.

अहमदपूरला माझं गॅरेज होतं. लोह्याच्या एका ड्रायव्हरनं स्वतःचा जुना ट्रक नवा करायला दिला होता. दसऱ्याला पूजा करून तो रस्त्यावर काढायचा, एवढीच त्याची हौस. खंडेनवमीला सकाळी आम्ही हत्यारं पूजेला मांडली. वेल्डिंग मशीनलाही हळदकुंकू लागलं. मग वेल्डर, ज्याला सगळे उस्ताद म्हणायचे, एकदा नजर टाकायला ट्रकखाली शिरला.

"शेठ, इकडं या. मागच्या पाट्यापाशी चॅसीला फट हाय."

चार बोटं लांब, केसासारखी बारीक.

"दोन्ही टोकांला छिद्र पाडतो, म्हंजी फट पुढं पळत न्हाई," तो म्हणाला. "मग वेल्डिंग, वरून पट्टी. सांजच्याला मोकळे."

"आज हत्यार उचलत नसतेत, उस्ताद."

"मग गाडी बी उचलू नका."

मी हसण्यावारी नेलं. लांबी, म्हणजे गाडीची पुट्टी, भरायची पट्टी आणि रंगाचा ब्रश पूजेत नव्हते, हे मात्र मला बरोबर आठवलं. फटीत लांबी भरली, घासली, वर काळा रंग मारला. दसऱ्यानंतर बघू म्हणालो. ड्रायव्हरला सांगितलं नाही. त्याचा हिरमोड होईल, अशी मनाची समजूत घातली. खरं तर शब्द दिलेल्या दिवशी गाडी निघाली नाही, असं गावानं म्हणू नये, एवढंच होतं.

आठवड्याच्या आत सोयाबीनची पोती घेऊन देगलूरला जाताना चॅसी तिथंच तुटली. ट्रक उलटला. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

लोक गॅरेजवर जमले. कशानं झालं, म्हणाले.

"वेल्डिंग सुटलं," मी म्हणालो.

उस्ताद समोरच उभा होता. त्या ट्रकवर त्यानं दुसरीकडे वेल्डिंग केलं होतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आपला काळा चष्मा उचलला आणि गेला. नंतर अहमदपुरातच काय, लातुरातही त्याला कुणी गाडीला हात लावू दिला नाही. देगलूरला खिडक्यांच्या जाळ्या करत त्याचं आयुष्य गेलं.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. कबूल केलं. तो म्हणाला, "मला कशाला सांगायलाव? मला ठाऊकच हाय की. ज्याचा पाय गेला त्याला सांगा."

मी लोह्याला गेलो. ड्रायव्हर ओसरीत बाजेवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फट केवढी होती?"

मी बाजेवर चार बोटं टेकवली. तो त्या बोटांकडे बघत राहिला.

"तवा सांगितलं असतं तर थांबलो असतो," तो म्हणाला. "दसरा दर साली येतो."

मी बाजेवरची बोटं उचलून घेतली.

"त्या माणसाला लई शिव्या घातल्या मी. लेकरांलाबी त्याचंच नाव सांगितलं. मला न्या त्याच्याकडं."

दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत बसवून देगलूरला नेलं. उस्ताद दारात आला, ड्रायव्हरच्या काखेत हात घालून त्याला आत घेऊन गेला. मला कुणी बोलावलं नाही. आत दोघांचं हळू बोलणं चालू होतं. मी गाडीतच बसून राहिलो.