पाकिटाची मागची बाजू

माझी धाकटी जाऊ सातवीपर्यंत शिकलेली. हे आधीच सांगून टाकते, कारण तिचा विषय निघाला की आमच्या घरात जो तो हेच सांगायचा, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे. मी रसायनशास्त्राची पदवीधर, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली. ती एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली आणि महिन्याभरात घरातल्या कुठल्या डब्यात काय उरलंय ते झाकण न उघडता सांगायला लागली. डबा उचलायची, हलवायची आणि म्हणायची, "तांदूळ परवापर्यंत." चुकली नाही कधी. असल्या हुशारीला गुण देणारी शाळा नाही, म्हणून ती बिनशिकलेली.

तिला सत्तेचाळिसावं लागलं आणि भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, झटका आला. उजवी बाजू गेली. मुलगी लग्न होऊन लांब. दीर घरी बसले आणि धाकटी आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या सुपरमार्केटात कामाला लागली. काम फळ्या भरण्याचं. नवा माल मागे सारायचा, जुना पुढे ओढायचा. ज्यात दुकानाला जास्त सुटतं ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, सुटत नाही ते गुडघ्याखाली.

"ताई, साधी डाळ घ्यायची तर माणसाला वाकावं लागतं," ती मला म्हणाली होती. "आणि आमची गिऱ्हाइकं काही वाकत नाहीत."

ती स्वतःही वाकेनाशी झाली. संध्याकाळी सातला घरी यायची ती सुजलेले पाय घेऊन. एके काळी दोन भाज्या आणि डाळ याखेरीज पान न वाढणारी बाई आता पाणी उकळून पाकिटं फोडायला लागली. ज्या मालाची तारीख संपत आली तो कामाच्या माणसांना घरी न्यायला मिळायचा. सूप, नूडल्स, डब्यातल्या शेंगा, खारी बिस्किटं. भाऊजींना डॉक्टरांनी मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं होतं, आणि रक्तदाब काही केल्या उतरत नव्हता.

मी एकदा तिच्याकडे गेले ती सरळ कचऱ्याची बादली उलटी केली आणि एकेका पाकिटाची मागची बाजू वाचून काढली.

"अगं, तू नवऱ्याला मिठाचं पाणी पाजतेयस."

ती ओट्याला टेकून उभी होती. "पुढे तर 'घरच्यासारखं' लिहिलंय."

"पुढे लिहायला त्यांना काय जातंय? मागे बघ."

पलंगावरून भाऊजी जड जिभेने म्हणाले, "वहिनी, चव मात्र आहे हां." त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे येऊ लागली. मी शिकवलं ते एवढंच. आधी घटक बघायचे, कारण जे सगळ्यांत जास्त ते सगळ्यांत पहिलं लिहितात. मग शंभर ग्रॅममध्ये मीठ किती, साखर किती. 'एका वेळचं प्रमाण' म्हणून जो आकडा देतात त्याला फसायचं नाही, कारण तेवढ्याने चिमणीचंही पोट भरत नाही. पोट रिकामं असताना खरेदीला जायचं नाही. घरी यादी करायची आणि यादीबाहेरच्या वस्तूला हात लावायचा नाही. मी फळ्यावर लिहून दाखवावं तसं सगळं सांगत होते आणि ती मान डोलवत ऐकत होती. चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ती माझ्या पुढे गेलेली आहे. मला चष्मा लावून वाचावं लागायचं. तिने आख्खं दुकान पाठ केलं होतं, फळीमागून फळी.

"ताई, साखरेला किती नावं आहेत हो. चोरालासुद्धा एवढी नसतील."

मग तिच्या घरचं ताट बदललं. सकाळी निघण्याआधी डाळ शिजवून ठेवायची, पालेभाजी निवडायची. मीठ कमी पडलं की लिंबू. भाऊजी पहिले पंधरा दिवस रुसले, मग खायला लागले. रक्तदाब उतरला. डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणी बदललं का. ती तीन महिने मी तिला जेवढी खूश पाहिली तेवढी तिच्या मुलीच्या लग्नातही पाहिली नव्हती.

पण शहाणपण एकटीच्या पोटात राहत नाही. फळी भरता भरता शेजारी एखादी बाई लेकरू कडेवर घेऊन पाकीट उचलताना दिसली की धाकटी तिच्याकडे न बघता हळूच म्हणायची, "मागे बघा." बस्स, दोन शब्द. तिने हे मला सांगितलं आणि मी ते आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांना सांगितलं. अभिमानाने सांगितलं. झालं, त्या सगळ्या दुकानात जाऊन तिला घेरायला लागल्या. हे घेऊ का, ते घेऊ का, आमच्या ह्यांना साखर आहे, आमच्या सुनेला गुडघे आहेत. जणू दवाखाना.

मॅनेजर तरुण होता, हसतमुख, हातात सदा दोन फोन. काही माल हलेनासा झाला हे त्याच्या फोनमध्ये दिसलं. पण कोणामुळे, ते दिसलं नाही. त्याने फळ्या भरणाऱ्या सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "कोणीतरी गिऱ्हाइकांना शिकवतंय. कळलं की त्याच दिवशी घरी पाठवीन."

त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. बसलीसुद्धा नाही.

"ताई, तुमच्या बायकांना सांगा, थोडे दिवस माझ्याशी बोलू नका."

"सांगते. पण खरं बोलायला एवढं भ्यायचं कशाला?"

"तुम्हाला पेन्शन आहे," ती म्हणाली. "या वयात मला कोण ठेवणार? त्यांच्या गोळ्या कोण आणणार?"

मी बायकांना सांगितलं. त्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते मी एकटीनेच.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी मी बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या मैत्रिणीबरोबर दुकानात गेले. दारातच एक टेबल मांडलं होतं. मुलांना दुधात घालून द्यायची पावडर, नवीच आलेली. डब्यावर उडी मारणारी मुलगी आणि 'वाढीसाठी रोज'. टेबलामागे कागदी टोपी घालून धाकटी उभी. तिच्या एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला त्या कंपनीचा गळ्यात पट्टा घातलेला माणूस. माणसं येत होती आणि ती कागदी पेल्यांतून चव द्यायला दूध पुढे करत होती.

माझ्या मैत्रिणीला नातवासाठी काहीतरी हवंच होतं. तिने विचारलं, "चांगलं आहे का गं?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, चांगलं थांबून पाहिलं. मग म्हणाली, "चांगलं आहे. मुलं आवडीने पितात. घेऊन जा."

शहाण्या माणसाने इथे डाळ घेऊन घरी जायचं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, चार महिने शिकवलं ते पाण्यात. मी डबा उचलला, फिरवला, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं. शंभर ग्रॅममध्ये चौसष्ट ग्रॅम साखर. रांगेतल्या दोन बायकांनी हातातले डबे खाली ठेवले. इथेसुद्धा थांबले असते तर निभावलं असतं. दुकानात वाद घालणाऱ्या म्हाताऱ्या सगळीकडे असतात, त्यांचं कोणी मनावर घेत नाही.

मी तिला म्हणाले, "काय गं, तुला शिकवलं ना मी, मागे बघायचं म्हणून? सगळ्यांना सांगतेस, आणि माझ्या मैत्रिणीला ही साखर पाजतेस?"

मॅनेजरने एक फोन खिशात ठेवला. धाकटीने हातातला पेला टेबलावर ठेवला, सांडू न देता. पुढच्या माणसाला म्हणाली, "जरा थांबा हं." आणि टोपी काढली. तिला कोणी काढायला सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला भेटायला गेले. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, चूक माझी, शिक्षा मला करा, मी पुन्हा तुमच्या दुकानात पाऊल टाकणार नाही.

"मावशी, तुम्ही जरूर या," तो म्हणाला. "तुम्ही काही खोटं बोलला नाहीत. माझ्या मुलीला मीसुद्धा ती पावडर देत नाही."

"मग तिला का काढलंत?"

"मी माझ्या घरी बोलतो. त्या इथे, दुकानात बोलल्या."

मी त्याने दिलेलं पाणी प्यायले आणि घरी आले.

तीन महिने धाकटीला काम नव्हतं. मग गावाबाहेरच्या शीतगृहात मिळालं, बटाटे आणि गाजरं निवडायचं. पहाटे गाडी न्यायला येते. दोन दोन हातमोजे घातले तरी बोटं फुटतात. घरी येते तेव्हा तिला कढई उचलवत नाही. मी पोचायच्या आत कोणीतरी शेजारीण भाऊजींना पाव आणि पाकिटातलं सूप करून देते. रस्त्याच्या टोकाचं दुकान मात्र जोरात आहे. आता तिथे 'आरोग्य' अशी पाटी लावलेली वेगळी फळी झाली आहे, डोळ्यांसमोरच.

ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. गेल्या महिन्यात मी तिला म्हणाले, "दोघांचं जेवण माझ्याकडून येऊ दे. रोज. कमी मिठाचं, त्यांना चालेल असं. मला जड नाही."

ती बोटांना मलम चोळत होती. चोळून झाल्यावर तिने डबी बंद केली.

"नको ताई," मग म्हणाली. "तुमचं जेवण चांगलं असतं. पण त्याबरोबर ऐकावं लागतं."

पलंगावर भाऊजी डाव्या हाताने सूप पीत होते. रक्तदाब किती आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.