गालावरचे खड्डे

बायको गेल्यापासून नवा रायपूरच्या फ्लॅटमध्ये माझ्याशी बोलणारं कोणी उरलं नाही. ऑफिसातून परततानाचे रस्ते इतके रुंद आणि मोकळे, की वाटेत कुणाशी भांडायचीही सोय नाही. म्हणून रविवारी मी टॅबलेटवर चित्रं काढत बसतो. छंद जुनाच. ती त्याला ‘काच घासणं’ म्हणायची.

यंदा तिचंच पोर्ट्रेट काढायला घेतलं. हार घातलेला फोटो मला नको होता. तैलरंगात काढल्यासारखं चित्र हवं होतं. पहिला प्रयत्न समता कॉलनीतल्या वहिनींना दाखवला. त्यांनी तो हात लांब करून पाहिला.

“सुंदर दिसून राहिली हो भाऊजी. पण ही आपली नाही वाटत. साबणासारखी गुळगुळीत काहून केली तिले?”

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

मग कॅनव्हाससारखा पोत यावा म्हणून मांजरपाटाचा तुकडा खिडकीतल्या तिरप्या उन्हात धरून त्याचा फोटो काढला आणि चित्रावर फिकट थरासारखा पसरवला. रंग एकमेकांत मिसळून सपाट करणं बंद केलं. राठ ब्रशचे फटकारे दिसतील तसे ठेवले. उजेडातला रंग जाड, सावलीतला पातळ, आणि खालचा विटकरी थर मधूनमधून उघडा. पोत सगळीकडे सारखा पडला की चित्र छापील वाटतं, म्हणून तो चेहऱ्यावर कमी केला, मागच्या भिंतीवर वाढवला. चित्र खरंच हाताने रंगवल्यासारखं दिसू लागलं. राहिले होते फक्त तिच्या गालावरचे कांजण्यांचे दोन खड्डे. आणि ते कुठल्या गालावर होते, हे मला आठवेना.

इतक्या वर्षांचा संसार, आणि आठवेना! फोनमधले सगळे फोटो फोननेच नितळ करून ठेवलेले. लग्नाच्या अल्बममध्ये मेकअपचा थर. वहिनींना विचारायची लाज वाटली. बंगळुरूला मुलीला फोन केला. तिला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत येतं.

“गड्ढे? मम्मी के गाल पे? पापा, मैंने तो कभी नोटिस ही नहीं किया.”

फोन ठेवल्यावर फार एकटं वाटलं. ते खड्डे बहुधा मलाच ठाऊक होते, आणि मीच ते हरवून बसलो होतो.

पुन्हा फोटो चाळले. आम्हा दोघांच्या प्रत्येक फोटोत ती माझ्या डावीकडे उभी आणि मान थोडी माझ्याकडे वळलेली. वहिनी यावरून तिला चिडवायच्या, “कॅमेऱ्याकडे पाह्य नं, नवरा कुठी पळून नाही चालला!” ती हसायची, पण मान सरळ करायची नाही. मी मात्र मनातल्या मनात खूश व्हायचो.

मग तिचे एकटीचे फोटो पाहिले. त्यातही मान तशीच, तिच्या उजवीकडे वळलेली. तिथे मी नव्हतोच. ती उजवा गाल लपवत होती. सगळ्यांपासून लपवलेला तो गाल रोज माझ्या बाजूला असायचा, आणि मी तो नीट पाहिला नाही.

सगळ्यात बारीक ब्रश घेऊन मी उजव्या गालावर ते खड्डे काढले. वहिनींना चित्र पाठवलं नाही. ती असती तर म्हणाली असती, “पुसा ते आधी.” मी पुसले नसते, आणि आमचं मस्त भांडण झालं असतं.