ऑल्डरिजची खोटी तुळई

राडो ट्रबोविचने शिकागोतल्या उंच इमारतींचे पोलादी सांगाडे चाळीस वर्षं जोडले, पण त्यांतल्या एकीचंही कौतुक त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. "पैसेवाल्यांची खेळणी," एवढंच तो म्हणे. बाप शहराच्या दक्षिणेला भट्टीवर पोलाद ओतायचा; त्या जागी आता गवत वाढलंय. राडोचे दोन मित्र वरून पडून गेले, स्वतःचे गुडघे कामातून गेले. बायको मार्था दर हिवाळ्यात "आता पुरे" म्हणायची. शेवटी त्याने कबूल केलं, की सध्या चालू आहे ती इमारत शेवटची.

एकच गोष्ट तो मानायचा. इमारतीची अगदी शेवटची तुळई चढते तेव्हा तिच्यावर हिरवं झाड बांधायचं, आणि ते टोळीच्या मुकादमानेच. एक जरी तुळई बाकी असताना झाड बांधणं म्हणजे बाळ जन्मायच्या आधी बारशाची मिठाई वाटणं. मुकादम राडो होता. आपल्या शेवटच्या इमारतीवरचं झाड आपल्या हाताने बांधायचं, मग घरी बसायचं, हे त्याने मनाशी धरलं होतं.

मालक ऑल्डरिजला मात्र समोरच्या इमारतीहून वीस फूट वर जायचं होतं. मजले वाढवायला भाडेकरू नव्हते, म्हणून माथ्यावर एक पोकळ नळकांडं बसवायचं ठरलं. त्यात माणूस राहणार नाही, कबूतरही बसणार नाही; पण उंचीत ते धरतात. पैसे गुंतवणारे पाहुणे ऑक्टोबरात यायचे होते आणि सांगाड्याचे सहा मजले बाकी होते. जानेवारीत, शहरालगतच्या तलावावरून येणाऱ्या गार वाऱ्यात, शँपेन पीत उभं कोण राहणार? म्हणून 'शेवटची' तुळई ऑक्टोबरातच चढवायचं ठरलं.

समारंभाच्या सकाळी ऑल्डरिजच्या कचेरीतली कोर्टनी प्लॅस्टिकचं झाड घेऊन आली.

"यात दिवे आहेत, मिस्टर ट्रबोविच. रिमोटवर लागतात."

"वर सहा मजले बाकी आहेत, बाई."

"फोटोत कोण मोजतंय?"

"मग फोटोवाल्यालाच बांधायला सांग."

ऑल्डरिज स्वतः आला. डोक्यावर हेल्मेट, त्यावर एक ओरखडा नाही.

"राडो, दोस्ता, जानेवारीतलं झाड तूच बांध ना! आज फक्त हे बांधून टाक. नाहीतर जानेवारीत तू इथे असशीलच असं नाही."

"प्लॅस्टिकचं आहे. तुलाही जमेल," राडो म्हणाला.

शेवटी कोर्टनीने ते रिबिनीने बांधलं. पाहुण्यांनी तुळईवर सह्या केल्या, टाळ्या झाल्या, क्रेनने तुळई उचलली. ती जागेवर बसवायला वर राडोच्या टोळीतला डेझमंड आणि त्याचा जोडीदार होते. राडोचा वॉकीटॉकी खरखरला.

"म्हाताऱ्या, हे काय पाठवलंस? झाड? आत्ता?"

"मी नाही पाठवलं."

"असं होय! मग आम्ही जेवून घेतो."

दोघे डबे उघडून बसले. तुळई आभाळात गोल फिरत राहिली, लाल-हिरवे दिवे लुकलुकत राहिले. खाली पाहुण्यांच्या माना दुखू लागल्या.

"काय चाललंय?" ऑल्डरिज खेकसला.

"जेवणाची सुट्टी."

"आत्ता कुठे दहा वाजताहेत!"

"एवढ्या उंचीवर भूक लवकर लागते, साहेब."

तुळई तशीच खाली उतरवावी लागली. संध्याकाळी राडोला काढून टाकलं.

जानेवारीत, गारठ्यात, खरी तुळई चढायच्या दिवशी तो खांद्यावर ताजं तोडलेलं झाड घेऊन बसमधून उतरला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं.

"आत नाही जाता येणार, आजोबा. माझी नोकरी जाईल."

"मग आत नाही येत."

आतून डेझमंडने त्याला पाहिलं आणि क्रेनवाल्याला हाक दिली. हुकाला लटकलेली तुळई कुंपणावरून हळूहळू बाहेर आली आणि फुटपाथवर, राडोच्या छातीएवढ्या उंचीवर थांबली. पहारेकऱ्याने पाठ फिरवली. राडोने तारेने झाड बांधलं, ओढून पाहिलं, पुन्हा आवळलं आणि हात वर केला.

तुळई गेली. तो तिथेच थांबला. वरून हातोड्याचे ठोके ऐकू आल्यावर त्याने मार्थाला फोन लावला.

"सूप गरम करायला ठेव," तो म्हणाला. "उद्यापासून मी घरीच आहे."