गोदाआक्काचा सातवा धडा

आमच्या पोस्टवर नऊ माणसं होती. उत्तरेच्या बर्फात, अठरा हजार फुटांच्या वर, फायबरच्या दोन झोपड्या आणि एक मोर्चा, म्हणजे पहाऱ्याचा बंकर. मी तेव्हा नायक हुद्द्यावर होतो, रेडिओ ऑपरेटर. माझं गाव तासगावकडचं. पोस्ट कमांडर होते हवालदार बापू वीरकर, माण तालुक्यातले. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. बाकीची पोरंही बहुतेक सातारा-सांगलीचीच होती. त्यामुळे रेडिओवर हिंदी आणि झोपडीत मराठी, असा रिवाज पडला होता.

नागरिकांना वाटतं, तिथं रोज गोळीबार चालतो. तसं नाही. तिथला दिवस म्हणजे कामांची रांग. पहाटे ड्युटी बदली. मग बर्फ वितळवून पाणी, स्टोव्हची काजळी, छतावर साठलेला बर्फ फावड्यानं खाली. सकाळी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायचं आणि हातापायाची बोटं तपासायची. त्यासाठी प्रत्येकाला एक बडी, म्हणजे जोडीदार, ठरलेला असतो. बडीनं बडीकडे लक्ष ठेवायचं, कारण त्या उंचीवर आपलं आपल्याला कळत नाही. मग खालच्या तळावर रेडिओ रिपोर्ट. त्यानंतर पुन्हा बर्फ.

तळावरून सामान घेऊन येणारी तुकडी पंधरवड्यातून एकदा यायची. रॉकेल, डबे, बॅटऱ्या आणि एक मेमरी कार्ड. कार्डात एका मराठी मालिकेचे भाग असायचे. मालिकेत सत्तावीस माणसांचं एकत्र घर आणि ते चालवणारी थोरली बाई, गोदाआक्का. आमच्या पोस्टवर शत्रूच्या हालचालींपेक्षा आक्काच्या सुनांच्या हालचालींवर जास्त चर्चा व्हायची.

"बघा रं, कसं चालवतीया घर," उस्ताद म्हणायचे. "सायबांच्या कोर्सला हिलाच शिकवायला न्यायला पायजे."

सिपाही माने त्यांचा बडी, कराडजवळच्या मलकापूरचा. त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "उस्ताद, मग तुमाला बी पुढच्या खेपेला नऊवारी मागवू का?"

"मागव. पर काठ भारी बघ. स्वस्तातलं आणशील तर तुलाच नेसवीन."

पण उस्ताद नुसती चेष्टा करत नव्हते. ते शिकत होते. आक्का पंगतीआधी ताटं मोजायची. उस्ताद चहाआधी सगळ्यांचे मग मोजायला लागले. एक मग उरला तर कोण आला नाही ते लगेच कळायचं. आक्का सुनेला चारचौघांत बोलायची नाही. एकदा माझ्या हातून बॅटरी गोठली, तेव्हा उस्तादांनी मला रॉकेलच्या कॅनमागे नेऊन झापलं आणि बाहेर आल्यावर नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चहा कुणाकुणाला?" दोन जावांचं भांडण झालं की आक्का दोघींना एकाच परातीत कणीक मळायला बसवायची. उस्तादांनी मानेला आणि स्वयंपाक्याला एकाच पातेल्यात बर्फ वितळवायला बसवलं. संध्याकाळपर्यंत दोघं मिळून उस्तादांना शिव्या देत होते. म्हणजे काम झालं.

मी पुढं नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. हे धडे मी शेवटच्या दिवसापर्यंत वापरले आणि ते खरे ठरले. हे आधी लिहून ठेवतो, कारण यापुढचं कडू आहे.

एका कार्डातल्या शेवटच्या भागात नातीच्या लग्नाची घाई असते. आक्काच्या छातीत कळ येते. ती खांब धरते, पदरानं तोंड पुसते आणि पुन्हा वाढायला लागते. मोलकरीण विचारते, तेव्हा म्हणते, "घराच्या खांबानं दुखतंय म्हणायचं नसतं." तिथं भाग संपला. आम्ही नेहमीसारखा आरडाओरडा केला, पुढचं कार्ड कधी येणार म्हणून. उस्ताद मोबाइल बंद करताना एवढंच म्हणाले, "ह्याला म्हणत्यात मोठेपण."

त्याच आठवड्यात त्यांना खोकला लागला. तिथं खोकला सगळ्यांनाच असतो. सकाळी यंत्र त्यांच्याच हातात असायचं. एकेकाला समोर बसवून ते आकडा बघायचे.

"उस्ताद, तुमचा?" मी विचारलं.

"झाला रं. तुमच्या आदी बघून बसलोय."

त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं काम मानेचं. पण मानेच्या डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली होती, फ्रॉस्टबाइट. त्यामुळे उलटच झालं. उस्तादच दिवसभर मानेचा हात कोमट पाण्यात धरून बसायचे.

एका दुपारी तळावरून कॅप्टनसाहेबांचा आवाज आला. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत देतो.

"उद्या सकाळी हेलिकॉप्टर एक फेरी मारेल. एकच माणूस उचलेल. नंतर हवामान बंद, किमान तीन दिवस. कोणाला पाठवायचंय? ओव्हर."

उस्तादांनी हँडसेट माझ्याकडून घेतला. "सिपाही माने, सर. फ्रॉस्टबाइट, दोन बोटं. ओव्हर."

"बाकीचे? ओव्हर."

"बाकी ऑल ओके, सर. ओव्हर."

"वीरकर, तुमचा आवाज बसलाय. ओव्हर."

"रॉकेलचा धूर, सर. ओव्हर."

साहेबांनी विचारायचं ते विचारलं होतं. उत्तर पोस्ट कमांडरचं होतं, आणि पोस्ट कमांडरच्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही तर फौज चालत नाही.

सकाळी हेलिकॉप्टर आलं. त्या उंचीवर पंखा बंद करत नाहीत. आम्ही मानेला वाकवून आत ढकललं. दार लागायच्या आत तो ओरडला, "उस्ताद, नऊवारी घिऊनच येतो!" उस्तादांनी हात वर केला. हेलिकॉप्टर कड्याखाली गेल्याबरोबर ते रॉकेलच्या कॅनवर बसले आणि उठले नाहीत.

आम्ही त्यांना झोपडीत नेलं. आडवं होता येईना. छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. मी त्यांच्या बोटाला यंत्र लावलं. आकडा बघून मी सरळ रेडिओकडे गेलो. तळावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून?"

मी उस्तादांना विचारलं, "कवापास्नं हाय?"

"परवा… न्हाई, त्याच्याबी आदल्या दिसापास्नं."

"आन आत्ता सांगताय?"

"पोरं घाबरली असती."

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं. बसवून ठेवलं. होता तेवढा ऑक्सिजन लावला. इंजेक्शन मी दिलं. डॉक्टर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, खाली आणा. दुपारी आम्ही चौघांनी त्यांना बर्फावर ओढायच्या स्लेजवर बांधून खाली काढलं. वाटेवर बांधलेल्या दोराच्या पहिल्या टप्प्यापर्यंत गेलो. तिथं हिमवादळात समोरच्या माणसाची पाठ दिसेना. वाट सोडली तर पाचही जण गेले असते. उस्तादांनीच हातानं मागं वळायची खूण केली. ती त्यांची शेवटची ऑर्डर.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला ते गेले. वय अडतीस.

पुढं तळावर डॉक्टर मला म्हणाले, "मानेची बोटं तीन दिवस थांबली असती. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की माणूस थांबत नाही. एक शब्द बोलले असते तर सीट त्यांची होती." मानेची बोटं वाचली. तो अजून तो हात खिशात ठेवून बोलतो.

हवामान उघडल्यावर तुकडी उस्तादांना न्यायला आली, तेव्हा सवयीनं नवीन कार्डही घेऊन आली. स्वयंपाक्यानं ते मोबाइलमध्ये घातलं. गोदाआक्काला मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन भागांत ती बरी होऊन परत आली. दारात औक्षण झालं, वाजंत्री वाजली, लग्न लागलं. मी हात पुढं करून मोबाइल बंद केला. त्यानंतर त्या पोस्टवर ती मालिका कुणी लावली नाही.

आता अलीकडचं.

मलकापूरला एक भरती अकॅडमी आहे. संचालकांनी मला आणि उस्तादांच्या पत्नी अलकावहिनींना पाहुणे म्हणून बोलावलं. समोर शंभरेक पोरं, पडद्यावर गोदाआक्काचं चित्र. विषय, 'गोदाआक्काकडून शिकण्यासारख्या नेतृत्वाच्या सात गोष्टी'. मालिका संपून वर्षं झाली, तरी असल्या भाषणांना अजून टाळ्या पडतात. सहा गोष्टी ठीक होत्या. सातवी आली, 'खरा नेता स्वतःचं दुखणं लपवतो'. खाली उस्तादांचा वर्दीतला फोटो. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ही गोष्ट चूक आहे. दुखणं लपवणं ही शिस्त नव्हे. तो चुकीचा रिपोर्ट आहे. चुकीच्या रिपोर्टवर कमांडर चुकीचा निर्णय घेतो आणि माणूस मरतो."

संचालक हसून म्हणाले, "साहेब, तांत्रिक बाजू बरोबर आहे तुमची. पण मुलांना स्फूर्ती लागते."

मी पुढं बोलणार, तेवढ्यात वहिनींनी माइक मागितला. त्या कार्यक्रमात त्या फक्त सत्काराची साडी घ्यायला होत्या.

"पोरांनू," त्या म्हणाल्या, "आमचं मालक रजेवर आलं आन पायात काटा मोडला, तर आळी गोळा व्हायची. सर्दी झाली तर मी काढा करायचा, सासूबाईंनी छाती शेकायची, पोरीनं पाय दाबायचं. वर म्हणायचं, अलके, म्या काय आता जगत न्हाई. नाक गळतंय म्हून!"

पोरं हसली.

"हसा. आमी बी लय हसायचो." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "त्या बाईला काय बी दुखत नव्हतं. तिला दुखायचे पैसे मिळत हुते. ह्यांना खरंच दुखत हुतं. घरी वरडायचं तसं तितं वरडलं असतं, तर आज ह्या खुर्चीवर ते बसलं असतं, आन मी घरी काढा करत असते."

माइक टेबलावर ठेवून त्या बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे पोरांना कळेना.

चार दिवसांनी संचालकांचा फोन आला. म्हणाले, तुमचा आणि ताईंचा मुद्दा मान्य आहे, आम्ही दुरुस्ती केली. मी विचारलं, काय दुरुस्ती? म्हणाले, "सर, सहा गोष्टी बऱ्या दिसत नाहीत. सातवी ठेवलीय. फक्त वीरकर साहेबांचा फोटो काढलाय."

तर फोटो तिथं नाही. म्हणून इथं लिहितो. हवालदार बापू वीरकर, माण तालुका. आठ माणसांना सुखरूप ठेवून गेलेला पोस्ट कमांडर. काटा मोडला तर आळी गोळा करणारा माणूस.