काचेवरचा अंगठा

गाडी शिकवण्यात उभी हयात गेल्यामुळे त्यांना सगळे मास्तरच म्हणत. घाबरलेल्या माणसाकडून चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवून घेणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. पण पोटच्या पोरीला फोनवर "ये ना गं घरी" एवढं म्हणायची वेळ आली की या गृहस्थाच्या तोंडात मिठाची गुळणी.

दर रविवारी मास्तरीणबाई लेकीशी पोटभर बोलायच्या आणि शेवटी फोन नवऱ्याच्या हातात द्यायच्या.

"बरी आहेस ना?"

"हो बाबा."

"गाडी नीट चालते ना?"

"माझ्याकडे गाडी कुठंय, बाबा?"

झालं. फोन परत बायकोकडे.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीच्या घाण्याला जुंपलेली. ती हमखास यायची ती एकाच निमित्ताने, मास्तरांच्या जुन्या गाडीचा डावा दिवा गेला की. तो बॅटरीच्या मागे असा काही अडचणीत बसवलेला की मास्तरांचा पंजा तिथे शिरत नसे. लेकीचा हात मात्र शाळेत असल्यापासून शिरायचा. गॅरेजवाला बॅटरी बाजूला करून चुटकीसरशी काम करून देईल, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. पण "माझ्या गाडीत परक्याचा हात नको" हा मास्तरांचा हट्ट, आणि हट्टापुढे कुणाचं चाललंय?

अलीकडे तो दिवा फार लवकर जायला लागला होता. त्याचं कारण म्हणजे खुद्द मास्तर. नव्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, हा धडा त्यांनीच लेकीला दिलेला. हाताचं तेल काचेला लागतं, दिवा तापला की तेवढीच जागा भाजते, काच तिथे फुगून दुधाळ होते आणि बल्ब अकाली जातो. म्हणून तो बुडाशी, पत्र्याला धरायचा. पण खोक्यातून बल्ब काढून लेकीच्या हातात देण्याचं काम मास्तरांकडे होतं. देण्याआधी ते जरा पाठ वळवायचे आणि काचेवर अंगठा चांगला दाबायचे, निरक्षर माणूस कागदावर दाबतो तसा. जन्मभर नियम शिकवले आणि म्हातारपणी ही चोरी. लाज वाटायची त्यांना. पण बॉनेटखाली दोघांची डोकी शेजारी शेजारी, आणि तिचं ते "टॉर्च जरा खाली धरा, बाबा", एवढ्यासाठी त्यांचा जीव तुटायचा.

या खेपेला ती आली ती घड्याळाकडे बघतच.

"बाबा, यापुढे गॅरेजवाल्याला सांगा हं. मला नाही जमत सारखं यायला. आत्तासुद्धा संध्याकाळची बस गाठायचीय."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी टॉर्च लावला.

तिने वायरीची जोडणी ओढून काढली, मागची रबरी टोपी सोलली, तारेची क्लिप दाबून जुना बल्ब बाहेर घेतला आणि उन्हात धरला. काचेवर दुधाळ फुगवटा होता, अंगठ्याएवढा.

"याला हात कुणी लावला?"

"दुकानात लागला असेल," मास्तर म्हणाले. आयुष्यात कधी उतारावर ब्रेक निकामी झाला नव्हता, तो आज झाला असं त्यांना वाटलं.

 तिने नव्या बल्बसाठी हात पुढे केला. मास्तरांनी खोकं उघडलं. या वेळी त्यांनी पाठ वळवली नाही. बल्ब बुडाशी धरला, अगदी नियमाप्रमाणे, आणि तिच्या हातात ठेवला. आता हा वर्षानुवर्षं टिकणार, हे त्यांना कळत होतं.

लेकीने बल्ब बघितला. बाबांकडे बघितलं. मग आपला अंगठा काचेवर टेकवला आणि सावकाश दाबला.

"टॉर्च जरा खाली धरा, बाबा," ती आत वाकत म्हणाली, "आणि दिवा गेला की लगेच कळवा."

मास्तरांनी टॉर्च खाली धरला.

"दिवा जायची वाट नको बघूस," ते म्हणाले. "ये ना गं घरी."

बॅटरीमागे गेलेला तिचा हात मग बराच वेळ बाहेर आला नाही.